मुद्रक आणि खोडरबर : डेव्हिड लिंच यांच्या प्रारंभीच्या चित्रपटांविषयीचे मतभेद

अमेरिकन चित्रपटदिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले. वयाची एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास त्या वेळी त्यांना अवघे काही दिवस उरले होते. त्यांच्या नावासरशी रसिकांच्या मनात प्रथम उभे राहतात ते ‘ब्लू व्हेल्वेट’ (१९८६), ‘ट्विन पीक्स’ ही दूरचित्रवाणी-मालिका (१९९०–९१) आणि ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१). १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत त्यांनी जे काम केले ते या मानाने फारच थोड्यांनी पाहिलेले आहे. आकारानेही ते लहान आहे. एका मिनिटाचे चलत्-चित्र असलेले ‘सिक्स मेन गेटिंग सिक’ (१९६७), चार मिनिटांचा ‘द आल्फाबेट’ (१९६८), चौतीस मिनिटांचा ‘द ग्रँडमदर’ (१९७०), काही मिनिटांचाच ‘द ॲम्प्युटी’ (१९७४) आणि एकोणनव्वद मिनिटांचा ‘इरेझरहेड’ (१९७७) एवढीच ही सामग्री आहे. ती सगळी एका बैठकीत पाहून होते. तथापि लिंच यांच्याविषयीचे मतभेद जितके तीव्र या पाच कृतींबाबत आहेत तितके ते पुढील कोणत्याही कृतीबाबत क्वचितच आढळतील. आणि ते मतभेद केवळ आवडीनिवडीचे नाहीत. एखाद्या कृतीला अर्थ आहे किंवा नाही हे कशावरून ठरवावयाचे, हा मीमांसेचा जुना प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे.

मतभेदांचा इतिहास पाहू गेल्यास आरंभीच एक अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे वाद घालणाऱ्यांचे सहसा लक्ष गेलेले दिसत नाही. ‘इरेझरहेड’ प्रथम दाखविला गेला तो लॉस अँजेल्समधील ‘फिल्मेक्स’ या महोत्सवात, मार्च १९७७ मध्ये. ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्राने त्या खेळावर लिहिलेले परीक्षण अत्यंत प्रतिकूल होते. हा केवळ किळस आणणारा उद्योग आहे, असा त्याचा सूर होता. परंतु या पहिल्या खेळानंतर लिंच यांनी स्वतःच चित्रपटातील सुमारे वीस मिनिटांचा भाग कापून टाकला. पुढे मध्यरात्रीच्या खेळांतून जो चित्रपट लोकप्रिय झाला तो हा आटोपशीर पाठ होय. म्हणजे पहिले निंदक आणि पुढचे भक्त यांनी एकच ग्रंथ वाचलेला नाही. हस्तलिखितांच्या बाबतीत पाठभेद न पाहता कोणी दोन टीकाकारांची तुलना करू लागला तर त्यास आपण तत्काळ थांबवू. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही साधी दक्षता कोणी घेत नाही. अर्थात सर्वच विरोध पहिल्या पाठावर ढकलता येत नाही. १९८० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये टॉम बकली यांनी जे परीक्षण लिहिले ते कापलेल्या पाठाचेच होते, आणि त्यांनीही चित्रपटाला धूसर व दिखाऊ ठरविले.

चित्रपट तगला तो परीक्षकांमुळे नव्हे. बेन बॅरनहॉल्ट्झ यांनी न्यूयॉर्कच्या ‘सिनेमा व्हिलेज’ या चित्रगृहात १९७७ च्या शरद ऋतूत त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू केले. पहिल्या रात्री पंचवीसएक प्रेक्षक होते असे सांगतात. तेच लोक पुन्हा आले, इतरांना घेऊन आले, आणि काही वर्षांत हा चित्रपट म्हणजे एक व्रत होऊन बसला. जे. होबरमन आणि जोनाथन रोझेनबाउम यांनी १९८३ साली मध्यरात्रीच्या चित्रपटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात ‘इरेझरहेड’ला मानाचे स्थान आहे. येथे ‘कल्ट’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर अप्रस्तुत होणार नाही. लॅटिन ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणे, निगा राखणे, पूजा करणे. त्यापासून ‘कुल्टुस’, आणि त्यापासून हा शब्द. मराठीत त्याचे भाषांतर ‘संप्रदाय’ असे करण्याची प्रवृत्ती आहे. परंतु ‘संप्रदाय’ या शब्दात ‘दा’ हा धातू आहे. गुरूने शिष्याच्या हाती काही देणे हा त्याचा गाभा. मध्यरात्री चित्रगृहात जमणाऱ्या मंडळींना कोणी काही दिलेले नसते. ते केवळ पुनःपुन्हा जवळ जाऊन बसतात. या अर्थाने ‘उपासना’ हा शब्द अधिक जवळचा ठरेल. उपासकाला देवतेचा अर्थ विचारण्यात जसे स्वारस्य नसते, तसेच या प्रेक्षकवर्गालाही नव्हते. आणि पुढील सर्व वादाची एक बाजू येथूनच तयार झाली. या बाजूचे म्हणणे असे, की लिंच यांचे प्रारंभीचे चित्रपट अनुभवावयाचे असतात, उलगडावयाचे नसतात. लिंच यांनी स्वतः कोणताही खुलासा करण्याचे आयुष्यभर टाळले, इतकेच नव्हे तर त्यातील अर्भक कसे तयार केले होते हेही कधी सांगितले नाही, यामुळे या मतास मोठाच आधार मिळाला.

दुसरी बाजू उलगडणाऱ्यांची. तिच्यातील सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत प्रचलित मार्ग चरित्राचा. लिंच १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या ललित कला अकादमीत चित्रकलेचे विद्यार्थी होते. शहराचा तो भाग काजळीने माखलेला व गुन्हेगारीने त्रस्त होता, आणि शवागार त्यांच्या घरासमोरच होते. १९६८ साली त्यांना मुलगी झाली. त्या कन्येच्या, म्हणजे पुढे स्वतःही दिग्दर्शिका झालेल्या जेनिफर लिंच यांच्या, पायांत जन्मतः व्यंग होते. ‘इरेझरहेड’चा नायक हेन्री स्पेन्सर कारखान्यांच्या वस्तीत राहतो, त्याच्या मैत्रिणीला अकाली, विकृत आकाराचे मूल होते, त्या मुलाची जबाबदारी त्याला पेलत नाही. तेव्हा हा चित्रपट म्हणजे तरुण पित्याच्या भयाचे चित्रण, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविकच होते.

या निष्कर्षात तथ्य नाही असे नाही. परंतु जी पद्धती एका कृतीला लागू करावयाची ती त्याच कर्त्याच्या दुसऱ्या कृतीलाही लागू पडली पाहिजे. ‘द ग्रँडमदर’मध्ये एक मुलगा आहे. अंथरूण ओले केल्याबद्दल त्याचा बाप त्याला कुत्र्याप्रमाणे त्या ओल्या डागात नाक घासावयास लावतो. आई-बाप दोघेही त्याच्यावर अक्षरशः भुंकतात. आता लिंच यांनी आपले बालपण अत्यंत सुखाचे गेले असे वारंवार सांगितलेले आहे. त्यांचे वडील कृषिखात्यात संशोधक होते, आणि घरच्या वातावरणाविषयी त्यांनी प्रेमानेच लिहिले-बोलले आहे. म्हणजे चरित्राची जी किल्ली ‘इरेझरहेड’ला लागते ती ‘द ग्रँडमदर’ला लागत नाही. चरित्रवादी टीकाकार अशा वेळी सुखी बालपणाच्या आड दडलेल्या दुःखाची कल्पना करू लागतात. त्यांनी तसे करू नये. चरित्रातून लेखकाची सामग्री कळते. ती सामग्री ज्या रीतीने मांडली गेली त्या रीतीचे कारण कळत नाही.

मनोविश्लेषणाचा मार्ग यापेक्षा अधिक काटेकोर आहे. मार्था नॉकिमसन यांचा १९९७ मधील आणि टॉड मॅकगोवन यांचा २००७ मधील ग्रंथ हे त्याचे दोन महत्त्वाचे टप्पे. त्यांपैकी मॅकगोवन यांचे प्रतिपादन लाकां यांच्या सिद्धान्तावर उभे आहे. हेन्रीने उत्पादनव्यवस्थेपायी आपल्या सुखाचा त्याग केलेला आहे, रेडिएटरमध्ये दिसणारी गाणारी स्त्री हे त्या गमावलेल्या सुखाचे स्वप्न आहे, आणि अखेरीस अर्भकाचा वध करून तो ते सुख परत मिळवितो. मात्र त्यासाठी त्याला आपले जगच मोडून टाकावे लागते, असे त्याचे सार सांगता येईल. या वाचनाचा मोठा गुण असा, की चित्रपटाच्या आरंभी दिसणारा, यंत्राचे दांडे ओढणारा तो भाजलेल्या कातडीचा मनुष्य आणि शेवटचा शुभ्र प्रकाश ही दोन टोके त्यात जुळतात. दोष पुढे पाहावयाचा आहे.

दरम्यान एका तिसऱ्याच प्रकारच्या गैरसमजाची नोंद केली पाहिजे, कारण तो विद्यार्थ्यांत विशेष पसरलेला आहे. १९९६ साली कादंबरीकार डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी एका दीर्घ लेखात ‘लिंचियन’ या विशेषणाची व्याख्या करण्याचा यत्न केला. अत्यंत भीषण आणि अत्यंत सामान्य यांचा असा संयोग, की त्यातून सामान्याच्या पोटातील भीषण उघड व्हावे, असा तिचा आशय. पुढे २०१८ साली हा शब्द ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात दाखल झाला. ‘ब्लू व्हेल्वेट’ला ही व्याख्या चपखल बसते, कारण तेथे नीटस कुंपणे आणि गुलाबांची झाडे आधी आहेत आणि भीषण मागाहून येते. परंतु ‘इरेझरहेड’मध्ये सामान्य असे काही शिल्लकच नाही. ‘द आल्फाबेट’मध्ये तर खाट आणि मुलगी यांखेरीज जगच नाही. विशेषनामापासून विशेषण तयार झाले आणि ते कोशात गेले, की कर्त्याच्या सर्व कृती त्या विशेषणाची उदाहरणे म्हणून वाचल्या जातात. प्रारंभीच्या चित्रपटांत ‘लिंचियन’पणाची बीजे शोधणारे लेख मुबलक आहेत. ते वाचून बीजांविषयी पुष्कळ कळते, चित्रपटांविषयी थोडे.

या सर्व मतांहून वेगळा आणि अधिक फलदायी असा विचार फ्रेंच ध्वनिमीमांसक मिशेल शिओं यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात मांडला. लिंच यांनी चित्रपटकलेत जे नवे आणले ते ध्वनीच्या वाटेने आणले, हे त्यांचे मत. ‘द ग्रँडमदर’पासून लिंच यांना ॲलन स्प्लेट हे ध्वनिकार लाभले. ‘इरेझरहेड’मध्ये पहिल्यापासून अखेरपर्यंत वाफेचा, यंत्रांचा, वाऱ्याचा एक अखंड घोष चालू असतो, आणि दृश्य बदलताच तो कापल्यासारखा बदलतो. शिओं यांच्या मताने हा घोष हीच या चित्रपटाची देहबुद्धी आहे. हे मत मान्य करूनही एक प्रश्न उरतो. या घोषात मनुष्याच्या वाणीचे स्थान कोणते? त्या प्रश्नाचा धागा धरला तर प्रारंभीच्या पाचही कृती, निदान त्यांतील चार, एका ओळीत येऊन उभ्या राहतात.

‘द आल्फाबेट’ची कल्पना लिंच यांच्या पहिल्या पत्नी पेगी यांनी सांगितलेल्या एका प्रसंगावरून आली. त्यांची भाची झोपेत दुःस्वप्न पाहत असता रोमन मुळाक्षरे घोकीत होती. चित्रपटात मुलांचे आवाज अक्षरांचा घोष करतात, अक्षरे चित्ररूपाने वाढतात, मोठे अक्षर लहान अक्षरांना प्रसवते आणि ती तान्ह्या मुलासारखी रडतात. शेवटी पांढरा चेहरा केलेली मुलगी सर्व अक्षरे म्हणून दाखविते आणि शुभ्र चादरीवर रक्त ओकते. शिक्षणाच्या जुलमावर टीका, असा याचा सरसकट अर्थ लावला जातो. मराठी अभ्यासकाने येथे जरा थांबावे. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारणस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे. ती घोकताना मुलाला ठाऊक नसले तरी त्याची जीभ घशाकडून ओठांकडे एक प्रवास करीत असते. रोमन क्रमाला असे कोणतेही शारीरिक अधिष्ठान नाही. तो क्रम केवळ परंपरेने आलेला आहे, आणि म्हणूनच तो लक्षात राहण्यासाठी त्याला चाल लावावी लागते. लिंच यांच्या मुलीच्या तोंडी तीच चाल आहे. शरीराशी ज्याचा काहीही संबंध नाही असा क्रम शरीरात घुसतो, आणि शरीर त्याला बाहेर टाकते, एवढेच त्या चार मिनिटांत घडते. छडीच्या भयाने पाढे म्हणणाऱ्या मुलाशी त्याची तुलना केल्यास या चित्रपटाचा विशेष हातचा निसटतो.

‘द ग्रँडमदर’मध्ये संवाद नाहीत. आई-बापांच्या तोंडून जे निघते ते भुंकणे आहे. मुलगा माळ्यावरच्या खाटेवर माती टाकून जे बी पेरतो त्यातून उगवलेली आजी शीळ घालते. स्नेह आणि क्रौर्य या दोहोंनाही तेथे शब्द नाहीत, फक्त नाद आहेत, आणि त्यांतील फरक प्रेक्षकाला पहिल्या क्षणीच कळतो. आजी मरते तीही शीळ घालीतच, फुगा फुटून हवा निघावी तशी खोलीभर भिरभिरत.

‘द ॲम्प्युटी’ची उपेक्षा झालेली आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटला दोन प्रकारच्या चित्रफितींची परीक्षा घ्यावयाची होती, आणि ‘इरेझरहेड’चे काम पैशांअभावी अडले असता लिंच यांनी त्या निमित्ताने हे दृश्य एकाच रात्री लिहून चित्रित केले. दोन्ही पाय गुडघ्यांवरून कापलेली एक स्त्री खुर्चीत बसून पत्र लिहीत आहे. ही भूमिका कॅथरीन कूलसन यांची. पत्राचा मजकूर आपणास तिच्या आवाजात ऐकू येतो. कोण कोणास काय म्हणाले, त्याचा कोणी काय अर्थ घेतला, अशा रुसव्याफुगव्यांची ती न संपणारी हकीकत आहे. समोर शुश्रूषकाच्या वेषातील लिंच तिच्या जखमेवरील पट्टी सोडतात. जखम वाहू लागते. तो गोंधळून निघून जातो. ती लिहीतच राहते. तिच्या वाक्यरचनेत कोठेही खंड पडत नाही. ‘द आल्फाबेट’मध्ये भाषा शरीरात शिरताच रक्त आले होते, येथे रक्त वाहते आणि भाषेला त्याचा पत्ता नाही. परीक्षेसाठी म्हणून केलेल्या या चित्रफितीत उपहासाचा जो अचूक स्वर सापडला आहे तो पाहता, प्रारंभीच्या लिंच यांना विनोदाचे अंग नव्हते हे म्हणणे टिकत नाही.

आता ‘इरेझरहेड’. १९७२ च्या मे महिन्यात त्याचे चित्रण सुरू झाले. इन्स्टिट्यूटने दहा हजार डॉलर दिले होते आणि संहिता वीस-बावीस पानांचीच असल्यामुळे चित्रपटही तेवढ्याच मिनिटांचा होईल अशी अनेकांची समजूत होती. तो पुरा होण्यास सुमारे पाच वर्षे लागली. मध्यंतरी लिंच वर्तमानपत्रे टाकण्याचे काम करीत आणि नायकाची भूमिका करणारे जॅक नान्स ती विलक्षण केशरचना सांभाळून असत. या पाच वर्षांचे पुराण आता इतके परिचित झाले आहे की ते येथे आळविण्याचे कारण नाही.

चित्रपटात पहिला उच्चारलेला शब्द येण्यास सुमारे दहा मिनिटे लागतात. त्यानंतरही संभाषण म्हणून जे घडते ते पाहण्यासारखे आहे. मेरी या मैत्रिणीच्या घरी हेन्री जेवावयास जातो. या कुटुंबाचे आडनाव ‘एक्स’ असे आहे. म्हणजे ‘द आल्फाबेट’मधील एक सुटे अक्षरच येथे घरंदाज होऊन बसले आहे. मेरीची आई हेन्रीला विचारते, आपण काय करता? हेन्री उत्तरतो की तो सध्या रजेवर आहे. प्रश्नातील क्रियापद रीतिवर्तमानाचे आहे, उत्तर चालू वर्तमानाचे. इंग्रजी साध्या वर्तमानकाळातील ही संदिग्धता आपल्या ‘करता’तही तशीच आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग भाषांतरावाचून कळतो. आई प्रश्नाचा काळ बदलून पुन्हा विचारते तेव्हा कोठे कळते, की तो एका कारखान्यात मुद्रक आहे. थोड्या वेळाने मेरीचा बाप, अमेरिकेत भेटल्यावर सहज विचारतात त्या रीतीने, हेन्रीला काय माहीत आहे असे विचारतो. हा प्रश्न नव्हेच. ते ‘काय, कसं काय?’ आहे. हेन्री मात्र तो शब्दशः घेतो, आणि आपणास फारसे काही माहीत नाही असे प्रांजळपणे सांगतो. त्यावर बापाचे हास्य चेहऱ्यावर तसेच गोठून राहते, आणि दिग्दर्शक ते असह्य होईपर्यंत तसेच राहू देतो.

मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली ज्यास ‘फॅटिक’ व्यवहार म्हटले, म्हणजे माहिती देण्यासाठी नव्हे तर केवळ संबंध राखण्यासाठी होणारे बोलणे, तेच नेमके या घरात बंद पडलेले आहे. हेन्रीला वाक्यार्थ कळतो, वाक्याचे प्रयोजन कळत नाही. या प्रसंगाचे वर्णन बहुतेक टीकाकार ‘स्वप्नवत्’ या एका शब्दात आटोपतात. वस्तुतः त्यात स्वप्नाचा संबंध नाही. व्याकरण शाबूत आणि व्यवहार नष्ट, अशी ती एक अगदी नेमकी अवस्था आहे. ज्यांना या चित्रपटात अर्थ नाही असे वाटते ते अभिधा आणि रचना यांत गल्लत करीत आहेत. एखाद्या दृश्याने कशाचा निर्देश केला हे सांगता न आले म्हणून ते असंघटित ठरत नाही.

हेन्री मुद्रक आहे ही गोष्ट टीकाकारांनी जवळजवळ सोडूनच दिली आहे. चित्रपटाचे नाव ज्यावरून आले तो प्रसंग असा : स्वप्नात हेन्रीचे मस्तक धडावेगळे होते, त्या जागी अर्भकाचे डोके वर येते, आणि खाली पडलेले मस्तक एक मुलगा उचलून पेन्सिलींच्या कारखान्यात नेऊन देतो. तेथे त्याचा नमुना काढून पेन्सिलींच्या टोकांना खोडरबर बसवितात. कारागीर कागदावर रेघ ओढतो, ती खोडून पाहतो, माल पसंत करतो आणि चुरा हाताने झटकतो. जो अक्षरे उमटविण्याचा धंदा करतो त्याच्या डोक्यातून अक्षरे पुसण्याचे साधन निघावे, या योजनेला योगायोग म्हणणे कठीण आहे. ‘द आल्फाबेट’पासून अक्षर आणि देह यांचा जो झगडा चालत आला आहे त्याचा हा शेवट आहे. देहच येथे अक्षर पुसू लागतो. भाषाभ्यासकाला सर्वत्र भाषाच दिसते, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. या चित्रपटात वाफेच्या आवाजाने जेवढी जागा व्यापली आहे त्याच्या शतांशही शब्दांनी व्यापलेली नाही. तरीही जे थोडे शब्द आहेत ते कोठे ठेवले आहेत हे पाहिलेच पाहिजे.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मेरीच्या तोंडी आहे. रुग्णालयात मूल आहे असे तिची आई सांगते, तेव्हा मेरी म्हणते की ते मूलच आहे की नाही याची त्यांना अजून खात्री नाही. साऱ्या चित्रपटाचा भार या एका नामावर आहे. समोर गुंडाळलेला जो प्राणी आहे त्यास ‘मूल’ म्हणावयाचे की नाही? इंग्रजीत अर्भकाचा उल्लेख नपुंसकलिंगी सर्वनामाने होऊ शकतो, मराठीत ‘मूल’ आणि ‘बाळ’ दोन्ही नपुंसकलिंगीच. त्यामुळे दोन्ही भाषांत सर्वनामावरून निकाल लागत नाही. त्या प्राण्याला नाव ठेवले जात नाही. ते रडते, आजारी पडते, एकदा हेन्रीला कुत्सितपणे हसतेही. परंतु ते बोलत नाही.

मुक्तीच्या अंगाने जाणाऱ्या वाचनांचा दोष येथे दिसू लागतो. अर्भक हे उत्पादनव्यवस्थेचे किंवा पापभावनेचे प्रतीक मानले की त्याचा वध हा मुक्तीचा मार्ग ठरतो. परंतु हेन्री त्याचा ज्वर पाहतो, त्याच्या श्वासासाठी वाफारा लावतो, रात्रभर त्याच्याजवळ बसतो. प्रतीकाला कोणी वाफारा देत नाही. उलट बाजूस, नीतीच्या दृष्टीने आक्षेप घेणारे टीकाकार त्यास प्रथमपासून ‘मूल’ मानून शेवटच्या प्रकाशाला बालहत्येचे समर्थन ठरवितात, आणि मेरीच्या वाक्यातील शंकाच ऐकत नाहीत. दोन्ही पक्षांनी नाम आधीच निश्चित केलेले आहे. चित्रपट ते निश्चित करू देत नाही. कात्री हाती घेऊन हेन्री पट्ट्या कापतो तेव्हा त्या पट्ट्या म्हणजे वस्त्र नसून त्या देहाचेच आवरण होते असे उघड होते. म्हणजे, काय आहे हे पाहण्याच्या कृतीनेच त्याचा अंत ओढवतो. लिंच यांना निर्दोष ठरविण्याचा येथे हेतू नाही. स्त्रीदेहाविषयीची घृणा या चित्रपटात आहे हा आक्षेप खरा आहे, आणि शेजारीण व मेरीची आई या दोन पात्रांपुरता तो निरुत्तर आहे. मेरीची गोष्ट निराळी. एक रात्र झोप मिळावी म्हणून ती माहेरी निघून जाते, ही त्या अर्ध्याअधिक निर्जीव जगातील सर्वांत मानवी घटना होय.

१९७३ मध्ये, चित्रण चालू असतानाच, लिंच यांनी महर्षी महेश योगी यांच्या परंपरेतील ध्यानसाधना सुरू केली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. आपल्याकडील लेखकांना यावरून शेवटच्या प्रकाशात समाधी पाहण्याचा मोह होतो. पाच वर्षांच्या कामाचा ढाचा त्यापूर्वीच ठरलेला होता, हे ध्यानात घेऊन तो मोह आवरावा.

‘द एलिफंट मॅन’ (१९८०) हा लिंच यांचा दुसरा दीर्घ चित्रपट. निर्माते मेल ब्रूक्स यांनी ‘इरेझरहेड’ पाहूनच त्यांना निवडले. आठ ऑस्कर नामांकने त्यास मिळाली, पारितोषिक एकही नाही. पॉलीन केल यांनी त्याची प्रशंसा केली. रॉजर ईबर्ट यांना मात्र या चित्रपटाला मनुष्याविषयी नेमके काय म्हणावयाचे आहे ते सापडेना. पुष्कळांना वाटते की येथे लिंच प्रौढ झाले. पण ‘इरेझरहेड’च्या शेजारी ठेवून तो पाहावा. मेरिक हा विरूप देहाचा तरुण जडबुद्धी आहे असे सर्वजण धरून चालतात. डॉक्टर ट्रीव्हज त्याला तेविसाव्या स्तोत्रातील काही ओळी पढवितात. रुग्णालयाचे प्रमुख ते पोपटपंची समजून निघू लागतात. तोच मेरिक न पढविलेल्या पुढच्या ओळीही म्हणू लागतो, आणि त्या क्षणापासून तो मनुष्य ठरतो. प्रसंग हेलावणारा आहे यात शंका नाही. परंतु मनुष्यपणाचा पुरावा म्हणून येथे वाणी मागितली गेली आहे, आणि ती मिळाली आहे. ‘इरेझरहेड’मधील अर्भकाला ती नव्हती. तेथे जो प्रश्न उघडा ठेवला होता त्याचे येथे सभ्य समाजाला रुचेल असे उत्तर दिले गेले, आणि ज्या प्रेक्षकाने पहिल्या चित्रपटाकडे पाठ फिरविली होती तो दुसऱ्याला रडला. ईबर्ट यांची अस्वस्थता, तिची कारणे त्यांनी निराळी दिली असली तरी, या ठिकाणी रास्त वाटते.

‘इरेझरहेड’ करीत असता त्याचा अर्थ आपणासही लागत नव्हता, बायबल वाचताना एक वाक्य आढळले आणि मग सगळे जुळून आले, असे लिंच मुलाखतींतून सांगत. ते वाक्य कोणते, हे विचारले असता ते सांगण्यास नकार देत. आणि मृत्यूपर्यंत त्यांनी ते सांगितले नाही.